रिसेंटमध्ये नाव दिसतं, पण फाइल उघडत नाही! (वर्ड, एक हक्कसोडपत्र आणि माझी फजिती)

बर्डीचा टंकलेखक | सोमवार, सकाळी १०:५२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतो. मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एका वकीलसाहेबांकडे टायपिंगला आहे. अकरा वर्षं झाली. मशीनवर वर्ड २०१६. दिवसाला पंधरा-वीस फाइली उघडतात: प्रतिज्ञापत्र, पुरसिस, वकीलपत्र, भाडेकरार, जे येईल ते. कुठली फाइल कुठे ठेवली हे मी कधी लक्षातच ठेवलं नाही. वर्ड उघडायचं, रिसेंटमध्ये नाव शोधायचं, टिचकी मारायची. अकरा वर्षं गाडी अशीच चालली.

शुक्रवारी संध्याकाळी काटोलकडचे एक पक्षकार आले. चार भावंडं, शेतीचं हक्कसोडपत्र. मसुदा जुना होता. गट नंबर चुकलेला, चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी, एका बहिणीचं माहेरचंच नाव राहिलेलं. दोन तास बसून सगळं नीट केलं. दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबायची माझ्या बोटांना सवयच आहे, तेव्हा "सेव्ह केली नसेल" असं कोणी म्हणू नका. प्रूफ काढून दिलं, ते बस पकडायला पळाले, मी मशीन बंद करून घरी.

आज सकाळी साहेब म्हणाले, काढ ते हक्कसोडपत्र. रिसेंटमध्ये नाव आहे, वरून तिसरं. टिचकी मारली की फाइल सापडत नाही म्हणून सांगते. नाव दिसून राहिलंय आणि फाइल नाही! डी ड्राइव्ह, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं पालथं घातलं. साहेब दर दहा मिनिटांनी दारातून डोकावून जातात, बोलत काही नाहीत, तेच जास्त वाईट.

फाइलचं नाव "हक्कसोड फायनल नवीन २".

---

सावजीप्रेमी | सकाळी ११:०१

"फायनल नवीन २" वाचून हसू आलं भाऊ, माफ करा. माझ्याकडे "फायनल फायनल साहेब ओके" नावाची फाइल आहे, आणि तिच्यानंतरही दोन निघाल्या.

रिसेंटच्या यादीत अगदी खाली जा. तिथे "रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स" असं बटण आहे. दाबून पाहा.

---

बर्डीचा टंकलेखक | सकाळी ११:०६

दाबलं. फोल्डर उघडला, आत गेल्या गुरुवारचं एक अर्धवट पत्र आहे, साहेबांनी मध्येच फोन आला म्हणून सोडलेलं. हक्कसोड नाही.

---

जुनं खोड | सकाळी ११:१९

तिथे मिळणारही नाही. ते बटण ज्या फाइली एकदाही सेव्ह न करता बंद झाल्या त्यांच्यासाठी आहे, आणि त्याही साधारण चार दिवसच राहतात. तुम्ही तर दर दोन मिनिटांनी सेव्ह करत होता. दर दहा मिनिटांनी वर्ड स्वतःहून जी प्रत काढतं ती मशीन अचानक बंद पडली तर कामाची. तुम्ही वर्ड रीतसर बंद केलंत, त्यामुळे वर्डनेही आपली प्रत रीतसर पुसून टाकली. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर जे वाचवतं, ते नीट घरी गेल्यावर वाचवत नाही.

आता एक करा. रिसेंटच्या यादीत फाइलच्या नावाखाली बारीक, करड्या अक्षरांत एक ओळ असते. आपण कोणीच ती वाचत नाही. तिथे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.

---

बर्डीचा टंकलेखक | सकाळी ११:२४

चष्मा लावून वाचलं काका. नुसतं इंग्रजी ई, पुढे कोलन. बस. बाकीच्या सगळ्या फाइलींखाली डी आणि पुढे लांबलचक फोल्डरांची नावं आहेत.

---

काटोल नाका | सकाळी ११:२६

अहो भाऊ, ई म्हणजे पेन ड्राइव्ह! त्या माणसानं जुना मसुदा कशात आणला होता?

---

बर्डीचा टंकलेखक | सकाळी ११:२७

अरे देवा.

निळा पेन ड्राइव्ह. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला. लावला, त्यातूनच फाइल उघडली, त्यातच काम केलं. जाताना त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि गेले.

---

सावजीप्रेमी | सकाळी ११:२८

म्हणजे फाइल सध्या काटोलला, किल्ल्यांसोबत खिशात. 😄

---

बर्डीचा टंकलेखक | सकाळी ११:३५

फोन लावला, लागत नाही. शेतात असतील. पण मला एक समजत नाही. फाइल माझ्या मशीनवर नव्हतीच, तर रिसेंटमध्ये नाव काहून दिसून राहिलं? इतकी वर्षं मी असंच समजत होतो की रिसेंटमध्ये आहे म्हणजे काँप्युटरमध्ये आहे.

---

जुनं खोड | दुपारी १२:१०

इथेच सगळ्यांची गफलत होते. आता मी निवृत्त आहे, वेळ आहे, थोडं लांब लिहितो.

रिसेंटमध्ये फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो. तुम्ही कुठून उघडली तेवढंच वर्ड टिपून ठेवतं. पुढे त्या पत्त्यावर कोणी राहतं की घर सोडून गेलं, याच्याशी यादीला देणंघेणं नाही. नाव बदललं, फोल्डर हलवला, पेन ड्राइव्ह काढला की पत्ता खोटा. उद्या दुसरा कुणाचा पेन ड्राइव्ह लावलात आणि त्यालाही ई हेच अक्षर मिळालं, तर वर्ड त्याच्यात शोधेल आणि परत नाही म्हणेल.

आमच्या वेळी ही यादी इतकी लहान होती की तिच्यावर विसंबायची सोयच नव्हती. वर्ड २००३ मध्ये फाइल मेनूच्या तळाशी चार नावं दिसायची. सेटिंगमध्ये जाऊन वाढवली तरी जास्तीत जास्त नऊ. वर्ड २००७ पासून पन्नासपर्यंत सोय झाली आणि शेजारी नाव यादीत अडकवून ठेवायची टाचणी आली. तेव्हापासून लोकांनी फोल्डर लावणं सोडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. चार नावं होती तोवर माणूस कपाट लावायचा, पन्नास झाल्यावर उंबऱ्यावरच ढीग करू लागला.

मी ज्या कार्यालयात होतो तिथे दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाची धांदल. मुंबईचं अख्खं सरकार इथे येतं, नागपूर करारापासूनची रीत आहे. तारांकित प्रश्नांची उत्तरं टाइप करायची, एकेका उत्तराचे पाच-सहा मसुदे व्हायचे. एका मशीनवर तीन जण पाळीपाळीने. सकाळच्या माणसानं उघडलेलं दुपारपर्यंत त्या नऊ नावांतून बाहेर फेकलेलं असायचं. तेव्हा आमच्या साहेबांनी नियमच केला: फाइलच्या नावात आधी प्रश्न क्रमांक, मग तारीख, मग टाइप करणाऱ्याचं आद्याक्षर. "फायनल" हा शब्द नावात दिसला की चहा त्याच्याकडून. दोन आठवड्यांत तो शब्द कार्यालयातून हद्दपार झाला. आमच्यातला एक जण मात्र सेवाभर चहा पाजत राहिला.

---

संत्रानगरी | दुपारी १२:३१

मी तर महत्त्वाच्या फाइलींना टाचणी लावून ठेवते. रिसेंटमध्ये नावावर माउस नेला की उजवीकडे छोटी टाचणी दिसते, दाबली की फाइल कायम वर राहते. टास्कबारवरच्या वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक केलं तरी यादी येते, तिथेही टाचणी आहे. टंकलेखकभाऊंनी ती लावली असती तर?

---

जुनं खोड | दुपारी १२:४०

ताई, टाचणी चांगलीच आहे, मीही वापरतो. ती नाव खाली घसरू देत नाही, एवढंच तिचं काम. पण टाचलेली चिठ्ठी झाली तरी पत्त्याचीच चिठ्ठी. पेन ड्राइव्ह काटोलला गेला तर चिठ्ठी इथे भिंतीवर आणि घर तिकडे.

कोऱ्या नमुन्यांना टाचणी लावा. भाडेकराराचा नमुना, वकीलपत्राचा नमुना. चालू कामाला लावू नका, दोन महिन्यांत टाचलेलीच तीस होतात आणि मग त्यातच शोधत बसावं लागतं.

---

धरमपेठची ताई | दुपारी १:१५

टंकलेखक दादा, कदाचित उपयोग होईल म्हणून सांगते: विंडोजचं बटण दाबून धरा, आर दाबा, येणाऱ्या छोट्या खिडकीत इंग्रजीत "रिसेंट" लिहून एंटर करा. विंडोजने स्वतः ठेवलेली नोंद उघडते, फक्त वर्डचीच नाही, पीडीएफ, फोटो, सगळ्याची. त्यात तारखेप्रमाणे लावून शुक्रवार संध्याकाळ बघा. कदाचित जाण्याआधी तुम्ही दुसरीकडे कुठे प्रत काढली असेल, पीडीएफ केली असेल.

---

बर्डीचा टंकलेखक | दुपारी १:४८

पाहिलं ताई. शुक्रवारचं सगळं दिसलं, अगदी मी साडेपाचला उघडलेला भाचीच्या वाढदिवसाचा फोटोसुद्धा (साहेबांना सांगू नका). पण हक्कसोडचा तोच एक शॉर्टकट, तोही ई वरचा. पीडीएफ केली नव्हती, थेट प्रिंट मारली होती.

---

लिब्रेवाला | दुपारी २:०५

आता बोलतोच. वर्डमध्येही "ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी" आहे, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, सेव्हच्या भागात. पण ती जुनी प्रत मूळ फाइलीच्या शेजारीच ठेवते. म्हणजे चालू असती तरी तीही पेन ड्राइव्हवरच गेली असती.

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये हीच सोय आहे, पण बॅकअपची प्रत त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात, मशीनवर जाते. फाइलीच्या शेजारी ठेव असं तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच तिथे. २४.२ या आवृत्तीपासून तर बॅकअप मुळातच चालू असतो. फक्त ध्यानात ठेवा, ती शेवटच्या सेव्हच्या आधीची प्रत असते. दर दोन मिनिटांनी सेव्ह करणाऱ्याचं नुकसान फार तर दोन मिनिटांचं!

उघडल्याबरोबर अलीकडच्या फाइलींची छोटी छोटी चित्रं दिसतात, पहिलं पान कसं आहे ते ओळखू येतं. नाव विसरलं तरी "तो डावीकडे स्टॅम्पसाठी जागा सोडलेला कागद" असा डोळ्याला सापडतो. आणि फुकट आहे.

---

सावजीप्रेमी | दुपारी २:०९

आला बे हा. दर धाग्यात येतो.

---

लिब्रेवाला | दुपारी २:१०

हौ, आणि दर धाग्यात माझंच बरोबर निघते.

---

धरमपेठची ताई | दुपारी २:४०

भांडू नका. मी एका लहान प्रकाशनाचं मुद्रितशोधन करते, तेव्हा माझी अडचण जरा वेगळी. मला फाइल कुठे आहे ते माहीत असतं, पण तीस फाइलींतली कुठली ते माहीत नसतं. लेखक एकच कथासंग्रह मेलवर तीनदा, व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा पाठवतात. सगळ्यांचं नाव तेच, डाउनलोड्समध्ये पुढे कंसात एक, दोन, तीन. रिसेंटमध्येही तीच पाच जुळी भावंडं एकाखाली एक.

मी आता एकच करते. मेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून फाइल थेट उघडून काम सुरू करत नाही. उघडली की आधी एफ१२. सेव्ह अ‍ॅज. आपल्या फोल्डरात, आपल्या नावानं. मगच पहिला स्वल्पविराम. मेलमधून उघडलेली फाइल तात्पुरत्या कुठल्यातरी आतल्या फोल्डरात असते, तिच्यावर दुरुस्त्या करणं म्हणजे बसच्या तिकिटाच्या पाठीवर हिशोब लिहिणं.

टंकलेखक दादांनी पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या एफ१२ दाबलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

---

प्रबंधग्रस्त | दुपारी ३:२२

नावांचा विषय निघालाच आहे तर माझंही रडगाणं. पीएचडी, पाचवं वर्ष. प्रकरण तीनच्या माझ्याकडे सतरा फाइली आहेत. गाइडबाई एका फाइलीत दुरुस्त्या करतात, मी दुसऱ्या फाइलीत त्या उतरवते, आणि सहा महिन्यांनी कळतं की त्यांनी तपासलेली फाइल माझ्या सध्याच्या फाइलीची आजी होती.

शेवटी सगळं गूगल डॉक्समध्ये नेलं. तिथे यादी "मी शेवटचं कधी उघडलं" किंवा "शेवटचा बदल कधी झाला" अशी लावता येते. या दोन्हींत फरक आहे हे मला फार उशिरा कळलं. गाइडबाईंनी काल बदललेली आणि मी महिनाभर न उघडलेली फाइल पहिल्या प्रकारात खूप खाली जाते. आणि "फायनल २" ची गरज उरत नाही, व्हर्जन हिस्टरीत जुनं सगळं तारखेसकट सापडतं.

अजून एक, फाइल सापडल्यावरचं. तीनशे पानांच्या फाइलीत काल कुठे थांबले होते ते शोधणं हेही शोधणंच की. वर्डमध्ये फाइल उघडल्या उघडल्या शिफ्ट आणि एफ५ दाबा, शेवटची दुरुस्ती केली होती तिथे उडी मारतं. हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्याआधी मी पिवळा रंग फासून ठेवायचे आणि एकदा तो तसाच छापून गेला.

---

काटोल नाका | दुपारी ३:४०

शिफ्ट एफ५ करून पाहिलं. बाप्पा! वीस वर्षं झाली वर्ड वापरून राहिलो, कोणी सांगितलंच नाही.

---

बर्डीचा टंकलेखक | दुपारी ४:०५

तिकडे अजून फोन लागत नाही. इकडे साहेबांनी विचारलं, "याआधी असंच एक हक्कसोड केलं होतं ना आपण, चतुःसीमेचा मजकूर तसाच होता, तेच काढ, त्यावरून नवीन बनव." आता ते तीन वर्षांपूर्वीचं. रिसेंटमध्ये असायचा प्रश्नच नाही. विंडोजच्या सर्चमध्ये "हक्कसोड" टाइप करतो, एकही फाइल येत नाही. "नागपूर" टाकून पाहिलं, तेही नाही. माझ्या शेकडो फाइलींत नागपूर नाही असं कसं होईल?

---

जुनं खोड | दुपारी ४:१८

टाइप कशात करता? कृतिदेव?

---

बर्डीचा टंकलेखक | दुपारी ४:१९

हो, जुनं सगळं कृतिदेव. रेमिंग्टनचा कीबोर्ड हातात बसलाय.

---

जुनं खोड | दुपारी ४:४५

मग तुमच्या फाइलीत काँप्युटरच्या दृष्टीने एकही मराठी अक्षर नाही. कृतिदेव हा जुना फॉन्ट, युनिकोड नव्हे; युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. सर्च करणारा अंगरखा बघत नाही. त्याला तुम्ही युनिकोडमधलं "नागपूर" शोधायला सांगता, आणि फाइलीत पडलंय भलतंच काहीतरी.

उपाय मजेशीर आहे. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि सर्चच्या खान्यात "नागपूर" असं कृतिदेवच्या सवयीनं टाइप करा, जसं वर्डमध्ये करता तसंच. खान्यात दिसेल यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. न म्हणजे यू, काना म्हणजे के, ग म्हणजे एक्स, प म्हणजे आय, दीर्घ ऊकार डब्ल्यू, र म्हणजे जे. ही सहा इंग्रजी अक्षरं शोधा, नागपूर सापडेल. ऱ्हस्व वेलांटी असेल तर ती अक्षराच्या आधी दाबायची, जशी टाइप करताना दाबता. डोळे मिटून हातांना टाइप करू द्या, हातांना सगळं येतं.

दुसरी गोष्ट, आपण सगळे कामाच्या फाइली डी ड्राइव्हवर ठेवतो. विंडोज १० च्या सर्चमध्ये "क्लासिक" निवडलेलं असेल तर त्याची सूची डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा ठराविक जागांचीच असते, डी मधल्या फाइलींच्या पोटातला मजकूर त्यात येत नाही. सेटिंग्ज, सर्च, तिथे "एन्हान्स्ड" करा, किंवा डी मधला तुमचा फोल्डर यादीत घाला. सूची तयार व्हायला वेळ लागतो, रात्रभर मशीन चालू ठेवा.

आज घाई असेल तर मजकूर सोडा, तारखेनं शोधा. डी ड्राइव्ह उघडून सर्चच्या खान्यात इंग्रजीत "डेटमॉडिफाइड" सलग लिहून कोलन द्या, पुढे सालाचा आकडा. त्या वर्षात बदललेल्या फाइलीच उरतील. तेवढ्यांतून नजर टाका.

---

बर्डीचा टंकलेखक | संध्याकाळी ५:३२

काका, तुमच्या पाया पडतो. तारखेनं शोधून ती तीन वर्षांपूर्वीची फाइल सापडली. नाव काय होतं सांगू? "नवीन डॉक्युमेंट ७".

आणि ते इंग्रजी अक्षरांचं वर्डच्या फाइंडमध्येही करून पाहिलं. डोळे मिटून "चतुःसीमा" टाइप केलं, खान्यात जे उमटलं ते वाचण्यासारखं नव्हतं, पण बरोब्बर त्याच परिच्छेदावर गेलं. बाजूच्या ज्युनिअर वकीलबाईंना वाटलं मी जादू करून राहिलोय.

---

विद्यापीठ रोडवरचा टायपिंगवाला | संध्याकाळी ६:५०

उशिरा आलो, दुकानात गर्दी होती. माझी तक्रार उलटी आहे. तुम्ही सगळे रिसेंटमध्ये नाव सापडावं म्हणता, मला ते दिसू नये असं वाटते. एका मशीनवर दिवसात चाळीस गिऱ्हाइकं. एकाचा घटस्फोटाचा अर्ज, दुसऱ्याचा बायोडाटा, तिसरीचा प्रबंध. पुढचं गिऱ्हाईक स्क्रीनकडे पाहत बसलेलं असते, मी वर्ड उघडलं की आधीच्यांची सगळी नावं समोर. मागं एकदा एका माणसाला त्यात स्वतःच्या भावाचं नाव दिसलं, मृत्युपत्राच्या मसुद्यावर. माझ्या दुकानातच तमाशा.

तेव्हापासून ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात डिस्प्लेच्या भागात "शो धिस नंबर ऑफ रिसेंट डॉक्युमेंट्स" आहे, तिथे शून्य टाकलं. यादी दिसतच नाही. फाइली मी कंट्रोल एफ१२ नं उघडतो, जुनी ओपनची खिडकी थेट येते.

---

संत्रानगरी | संध्याकाळी ७:०४

यादीतून नाव काढलं तर फाइलही जाते का? मला नेहमी भीती वाटते.

---

विद्यापीठ रोडवरचा टायपिंगवाला | संध्याकाळी ७:१०

नाही जात ताई. "रिमूव्ह फ्रॉम लिस्ट" केलं की फक्त नाव जाते. "क्लिअर अनपिन्ड" केलं तर टाचणी नसलेली सगळी नावं जातात, फाइली जागच्या जागी राहतात.

पण एक सांभाळा. ऑफिसच्या मशीनवर वर्डमध्ये साहेबांच्या खात्यानं साइन इन केलेलं असेल, तर साहेबांनी घरच्या लॅपटॉपवर क्लाउडमधून उघडलेल्या फाइलींची नावंही तुमच्या यादीत येऊ शकतात. आणि तुमची त्यांच्या यादीत.

---

बर्डीचा टंकलेखक | संध्याकाळी ७:१५

म्हणून साहेबांना मागे "लग्नपत्रिका मजकूर" बद्दल कळलं होतं काय!

---

सावजीप्रेमी | संध्याकाळी ७:२०

भाऊ, तुमचे भाचीचे फोटो, लग्नपत्रिका... साहेबांचं काम कधी करता? 😂

---

धरमपेठची ताई | रात्री ९:३०

नावांबद्दल राहिलं होतं. दादा, तुमच्या कामाला जुळेल अशी पद्धत सुचवते. आधी पक्षकाराचं आडनाव, मग दस्ताचा प्रकार, मग तारीख. तारखेत साल आधी, मग महिना, मग दिवस. असं केलं की नावाप्रमाणे लावली तरी तारखेप्रमाणेच लागतात. दावा क्रमांक घालायचा असेल तर तिरकी रेघ चालत नाही, विंडोज फाइलच्या नावात ती घेतच नाही, आडवी रेघ द्या.

जुनं खोड काका आद्याक्षरही घालायला सांगतील, पण एकट्याच्या मशीनवर ते जास्तीचं ओझं आहे असं मला वाटतं.

---

जुनं खोड | रात्री ९:४१

एकट्याच्या मशीनवर ज्युनिअर वकीलबाई कधी बसत नाहीत असं वाटतं का ताई?

---

धरमपेठची ताई | रात्री ९:४४

बरं, घाला.

---

बर्डीचा टंकलेखक | मंगळवार, सकाळी ११:२०

रात्री फोन लागला! पेन ड्राइव्ह सुखरूप, पण त्यांच्याकडे काँप्युटर नाही. पुतण्यानं कुठूनतरी तो मोबाइलला जोडायची पिन आणली, फाइल मोबाइलवर उघडली, आणि घाबरून मला फोन केला: "काका, फाइल बिघडली, सगळी इंग्रजी एबीसीडी झाली, मी ती टाइप करून दुरुस्त करू का?" मी ओरडलोच, हात लावू नको बेटा, आहे तशी पाठव! मोबाइलमध्ये कृतिदेव नाही, त्यामुळे अंगरखा उतरलेला दिसला, आत मजकूर ठीक होता. कालचं काकांचं उत्तर वाचलं नसतं तर मीही घाबरलो असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आली. डाउनलोड्समधून उघडली, आधी एफ१२. आडनाव, हक्कसोडपत्र, साल-महिना-दिवस, माझं आद्याक्षर. डी ड्राइव्हवर पक्षकाराच्या नावाचा फोल्डर. मग प्रिंट. साहेबांनी वाचलं आणि धाकट्या बहिणीच्या नावावर बोट ठेवलं: आधार कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं. म्हणजे पुन्हा दुरुस्ती.

---

सावजीप्रेमी | सकाळी ११:२३

म्हणजे "नवीन ३"?

---

बर्डीचा टंकलेखक | सकाळी ११:३१

नाही, आजची तारीख. बाकी उत्तरं दुपारी देतो, समोर दुसरे पक्षकार येऊन बसलेत आणि हातात पेन ड्राइव्ह आहे. आधी कॉपी करून घेतो.